डायबेटीस हा इंग्रजी शब्द: समजून घेण्याची आणि नेमका वापरण्याची रीत

आपल्याकडे या एका आजाराला तीन नावे आहेत आणि ती तिन्ही एकाच घरात, एकाच दिवशी वापरली जातात. वर्तमानपत्रातल्या लेखात 'मधुमेह' असतो, डॉक्टरांच्या तोंडी 'डायबेटीस' असतो आणि स्वयंपाकघरात चहा गाळताना 'त्यांना शुगर आहे, त्यांचा कप वेगळा ठेव' असे सांगितले जाते. मराठीत बोलताना यामुळे काही अडत नाही, कारण ऐकणाऱ्याला संदर्भ ठाऊक असतो. अडते ते इंग्रजीत लिहिण्या-बोलण्याची वेळ आली की. आरोग्य विम्याचा अर्ज भरताना, परदेशात राहणाऱ्या मुलाकडे गेल्यावर तिथल्या नर्सशी बोलताना किंवा दुसऱ्या राज्यातल्या रुग्णालयात आईची माहिती सांगताना आपण मराठीतली सवय इंग्रजीत नेतो आणि मग समोरच्याला भलतेच काही कळते.

या गोंधळाचे मूळ एकच आहे. मराठी बोलण्यात 'शुगर' हा एक शब्द तीन कामे करतो. तो आजाराचे नाव सांगतो, माणसाची ओळख सांगतो आणि रक्तातला आकडाही सांगतो. इंग्रजीत या तीन गोष्टींना तीन वेगळे शब्द लागतात. आजार म्हणजे 'डायबेटीस', त्या आजाराशी जोडलेले विशेषण म्हणजे 'डायबेटिक' आणि रक्तातले प्रमाण म्हणजे 'ब्लड शुगर' किंवा 'ब्लड ग्लुकोज'. ही तीन खाती मनात वेगळी झाली की बाकीचे बरेचसे आपोआप सुटते.

माझी मावशी पहिल्यांदा इंग्लंडमध्ये मुलाकडे गेली तेव्हा शेजारच्या बाईंनी तिला चहाला बोलावले. साखर चालेल का, असे त्यांनी विचारल्यावर मावशीने आपल्या सवयीने 'आय हॅव शुगर' असे उत्तर दिले. तिला म्हणायचे होते की मला मधुमेह आहे, साखर घालू नका. ऐकणाऱ्या बाईंना मात्र त्याचा अर्थ 'मी साखर घेते' असाच लागला, कारण त्या प्रश्नाला दिलेल्या या उत्तराचा इंग्रजीत दुसरा अर्थच होत नाही. चहात दोन चमचे साखर पडली आणि मावशीने भिडेखातर तो कप संपवला. अमेरिकेच्या दक्षिण भागातली जुनी माणसे या आजाराला 'शुगर' किंवा 'शुगर डायबेटीस' म्हणतात हे खरे आहे, पण त्या भरवशावर राहू नये. मावशीने म्हणायला हवे होते ते वाक्य अगदी लहान आहे: 'नो शुगर, प्लीज. आय हॅव डायबेटीस.'

उच्चार आणि स्पेलिंग

मराठीत हा शब्द डायबेटीस, डायबिटीस, डायबिटीज अशा अनेक रूपांत लिहिला जातो आणि मराठी मजकुरात यांपैकी कोणतेही एक रूप सातत्याने वापरले तरी चालते. इंग्रजी बोलताना मात्र जोर कुठे द्यायचा हे महत्त्वाचे ठरते. शब्दाचे चार तुकडे करावेत: डाय, अ, बी, टीझ. जोर तिसऱ्या तुकड्यावर, म्हणजे 'बी'वर येतो आणि तो 'बी' लांबवायचा असतो. शेवटचा ध्वनी ब्रिटिश बोलण्यात आपल्या 'आज' या शब्दातल्या 'ज'च्या जवळचा असतो. अमेरिकेत पुष्कळ लोक शेवटी 'टिस' असेही म्हणतात आणि तेही बरोबर आहे. आपण 'डाय'वर जोर देऊन पुढचे सगळे घाईने उरकतो, त्यामुळे फोनवर ऐकणाऱ्याला शब्द पटकन उमगत नाही.

'डायबेटिक' म्हणताना एक गंमतशीर बदल होतो. जोर तिसऱ्याच तुकड्यावर राहतो, पण 'बी'चा 'बे' होतो आणि तो ऱ्हस्व होतो. म्हणजे आजार 'डाय-अ-बी-टीझ' आणि विशेषण 'डाय-अ-बे-टिक'. चार-पाच वेळा मोठ्याने म्हटले की जिभेला सवय होते.

स्पेलिंगमध्ये चूक होते ती उच्चाराच्या मागे गेल्यामुळे. 'बी' असे ऐकू येते म्हणून बी या अक्षरानंतर आय लिहिला जातो, 'टीस' ऐकू येते म्हणून तिथेही आय लिहिला जातो. खरे स्पेलिंग असे आहे: डी, आय, ए, बी, ई, टी, ई, एस. आय एकदाच येतो, तोही सुरुवातीला. पुढच्या दोन्ही जागी ई आहे. वाक्याच्या मध्ये हा शब्द आला तर पहिले अक्षर कॅपिटल करायचे नसते, कारण हे आजाराचे सामान्य नाव आहे.

शब्दाच्या पोटात काय आहे

शब्दाचा मूळ अर्थ कळला की तो विसरला जात नाही आणि या शब्दाच्या बाबतीत तर तो अर्थ आपल्या ओळखीचाच निघतो. 'डिया' म्हणजे आरपार आणि 'बाइनेइन' म्हणजे जाणे, अशा ग्रीक क्रियापदापासून हा शब्द आला. ग्रीकमध्ये 'डायबेटीस' हे वक्रनळीचेही नाव होते. पिंपातले पाणी किंवा रॉकेल रबरी नळी लावून तोंडाने ओढून सुरू करून दिले की ते आपोआप वाहत राहते, तीच ही नळी. आजच्या तुर्कस्तानातल्या कॅपाडोशिया प्रांतातला अरेटायस नावाचा वैद्य इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांच्या सुमारास होऊन गेला. या रोगात अंगातले मांस जणू वितळून लघवीवाटे जाते, असे वर्णन त्याने केले आहे. प्यायलेले पाणी शरीरात थांबतच नाही, नळीतून गेल्यासारखे निघून जाते, हे त्या काळच्या वैद्यांनी पाहिलेले लक्षण आणि तेच नाव झाले.

आता आपला 'मधुमेह' पाहा. 'मेह' हा शब्द 'मिह्' या संस्कृत धातूपासून आला. त्याचा अर्थ ओलावणे, वर्षाव करणे, मूत्रविसर्जन करणे असा आहे आणि 'मेघ' हा शब्दही त्याच धातूचा. आयुर्वेदाच्या संहितांमध्ये प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आहेत आणि मधुमेह हा त्यांपैकी एक. अशा रुग्णाच्या मूत्राकडे मुंग्या येतात हे निरीक्षणही चरकसंहितेत आहे. म्हणजे दोन्ही परंपरांनी आधी पाहिली ती लघवीच. ग्रीकांनी तिच्या वाहण्यावरून नाव ठेवले, आपल्याकडे त्यात गोडीही आली.

युरोपात ही गोडी नावात यायला सतरावे शतक उजाडावे लागले. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६७०च्या दशकात रुग्णांची लघवी मधासारखी गोड असते असे नोंदवले. पुढे 'मेलिटस' हे लॅटिन विशेषण 'डायबेटीस'ला जोडले गेले आणि त्याचा अर्थ 'मधाने गोड झालेला' असा आहे. १७७६ साली मॅथ्यू डॉब्सन यांनी ती गोडी साखरेचीच आहे आणि रक्तातही ती असते हे दाखवले. 'डायबेटीस मेलिटस' हे पूर्ण नाव घ्यावे आणि 'मधुमेह' शेजारी ठेवावा: मेलिटस म्हणजे मधु, डायबेटीस म्हणजे मेह. रुग्णाच्या फायलीत दिसणारे डीएम हे याच दोन शब्दांचे लघुरूप आहे.

'मेलिटस' लक्षात ठेवण्याचे एक व्यावहारिक कारणही आहे. 'डायबेटीस इन्सिपिडस' नावाचा एक वेगळा, तुलनेने दुर्मीळ आजार आहे. त्यातही तहान आणि लघवी अतोनात वाढते, पण रक्तातल्या साखरेशी त्याचा संबंध नसतो. इन्सिपिडस म्हणजे बेचव. मेंदूतून सुटणाऱ्या व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाच्या कमतरतेमुळे किंवा मूत्रपिंडे त्याला दाद देत नसल्यामुळे तो होतो. नाव ऐकून रुग्णालयातले कर्मचारी त्याला साखरेचाच आजार समजत, आवश्यक औषध मागे पडे आणि त्यातून रुग्णांच्या जिवावर बेतत असे. म्हणून २०२२ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने त्याचे नावच बदलून 'आर्जिनिन व्हॅसोप्रेसिन डेफिशियन्सी' आणि 'रेझिस्टन्स' अशी नावे सुचवली. जुन्या कागदावर डीआय अशी अक्षरे दिसली तर ती डीएमपेक्षा वेगळी आहेत हे ओळखावे आणि शंका असल्यास डॉक्टरांना विचारूनच पुढच्या ठिकाणी सांगावे.

वाक्यात कसा बसवावा

शेवटी एस असल्यामुळे हा शब्द अनेकवचनी वाटतो, पण तो एकवचनी आहे आणि त्याची मोजणी होत नाही. त्यामुळे 'डायबेटीस इज' म्हणावे, 'डायबेटीस आर' म्हणू नये. त्याच्या आधी 'अ' लावायचा नाही. 'मला मधुमेह आहे' याचे सरळ इंग्रजी 'आय हॅव डायबेटीस' एवढेच आहे. 'आय ॲम डायबेटीस' हे वाक्य घाईत तोंडून निघते, पण त्याचा अर्थ 'मी स्वतः मधुमेह आहे' असा होतो.

'दहा वर्षांपासून' याचे भाषांतर करताना आपण हमखास फसतो. 'आय हॅव डायबेटीस सिन्स टेन इयर्स' हे वाक्य आपल्या देशातल्या डिस्चार्ज कार्डांवरही दिसते, इतके ते रुळले आहे. इंग्रजीत किती काळ हे सांगायचे असेल तर 'फॉर' आणि कधीपासून हे सांगायचे असेल तर 'सिन्स' येतो. शिवाय क्रियापदही बदलते. 'आय हॅव हॅड डायबेटीस फॉर टेन इयर्स' किंवा 'आय हॅव हॅड डायबेटीस सिन्स २०१५' असे म्हणावे. 'हॅव हॅड' हे जोडरूप कानाला विचित्र वाटते, पण ते टाळून 'आय हॅड डायबेटीस' म्हटले तर आजार पूर्वी होता आणि आता नाही असा अर्थ निघतो. डॉक्टरांपुढे हा फरक लहान नाही.

तसेच 'मला डायबेटीस डिटेक्ट झाला' या वाक्याचे. इंग्रजीत आजाराच्या निदानासाठी 'डायग्नोज' हे क्रियापद आहे, म्हणून 'आय वॉज डायग्नोज्ड विथ डायबेटीस इन २०१५'. इथे 'विथ' हवे. घराण्यात आजार असल्याचे सांगायचे असेल तर 'देअर इज अ फॅमिली हिस्टरी ऑफ डायबेटीस' हे वाक्य तयार ठेवावे, कारण हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक नव्या डॉक्टरकडे विचारला जातो.

शाळेत रजेच्या अर्जात शिकलेले 'आय ॲम सफरिंग फ्रॉम' आपण आयुष्यभर जपतो. तापासाठी ते ठीक असेल. मधुमेहासाठी ते न वापरलेले बरे, असे माझे ठाम मत आहे आणि आता वैद्यकीय संस्थाही तेच सांगतात. ज्याला हा आजार सोबत घेऊन तीस-चाळीस वर्षे नोकरी, संसार, प्रवास करायचा आहे, त्याला प्रत्येक वाक्यात पीडित म्हणून उभे करण्याचे कारण नाही. २०१७ साली अमेरिकेतल्या मधुमेह संघटनेने आणि मधुमेह-शिक्षकांच्या संघटनेने भाषेविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले, इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०१८ साली तसेच केले. त्यांचा आग्रह असा की माणसाला 'अ डायबेटिक' न म्हणता 'अ पर्सन विथ डायबेटीस' म्हणावे. ब्रिटनमधल्या मधुमेहींच्या संघटनेचा इतिहासही या संदर्भात पाहण्यासारखा आहे. लेखक एच. जी. वेल्स आणि डॉ. आर. डी. लॉरेन्स या दोघांनी १९३४ साली 'डायबेटिक असोसिएशन' स्थापन केली. दोघांनाही स्वतःला मधुमेह होता. आज तीच संस्था 'डायबेटीस यूके' या नावाने ओळखली जाते.

याचा अर्थ 'डायबेटिक' शब्द वर्ज्य झाला असे नाही. अवयवांवरच्या परिणामांची नावे त्यानेच बनतात, जसे 'डायबेटिक रेटिनोपथी' (डोळ्याच्या पडद्यावरचा परिणाम) किंवा 'डायबेटिक फूट' (पायावरचा परिणाम). स्वतःविषयी कोणी 'आय ॲम डायबेटिक' म्हटले तर त्यातही व्याकरणाची चूक नाही. दुसऱ्याविषयी बोलताना मात्र 'शी हॅज डायबेटीस' म्हणावे.

प्रकारांची नावे

'टाइप वन' आणि 'टाइप टू' हे आकडे साध्या अंकांत लिहावेत, रोमन आकड्यांत नव्हे. १९९७ साली अमेरिकी तज्ज्ञ समितीने तशी शिफारस केली, कारण रोमन दोन हा आकडा अकरासारखा वाचला जाण्याची शक्यता होती. याच वेळी 'इन्सुलिन-डिपेंडंट' आणि 'नॉन-इन्सुलिन-डिपेंडंट' ही जुनी नावेही मागे टाकण्यात आली. तरीही इन्सुलिन सुरू झालेले आजोबा 'माझा आता टाइप वन झाला' असे सांगताना मी ऐकले आहे. तसे होत नाही. टाइप वनमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीच नष्ट करते. टाइप टूमध्ये शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. अशा रुग्णाला पुढे इन्सुलिन लागले तरी त्याचा प्रकार टाइप टूच राहतो. त्यांनी 'आय हॅव टाइप टू डायबेटीस अँड आय टेक इन्सुलिन' असे म्हणावे. गरोदरपणात प्रथम आढळणाऱ्या मधुमेहाला 'जेस्टेशनल डायबेटीस' म्हणतात आणि ज्याला आपण 'शुगर बॉर्डरवर आहे' म्हणतो त्याला 'प्रीडायबेटीस' हा शब्द आहे.

आकडा सांगताना

मावशीचा दुसरा प्रसंग याच बाबतीतला आहे. तिथल्या दवाखान्यात नर्सने बोटाला सुई टोचून यंत्र पुढे धरले आणि त्यावर ७.८ हा आकडा होता. घरी तिला १४० बघण्याची सवय. साखर थेट साताआठावर आली, आता आपले काही खरे नाही, असे वाटून तिच्या हाताला घाम फुटला. तिच्या मुलाने फोनवर ७.८ गुणिले १८ असा हिशेब करून तिला दाखवला: १४०.४. साखर होती तेवढीच होती. बदलले होते ते एकक.

भारतात आणि अमेरिकेत रक्तातली साखर एक डेसिलिटर रक्तात किती मिलिग्रॅम अशी मोजतात, ब्रिटनमध्ये एक लिटरमध्ये किती मिलिमोल अशी. आपला आकडा अठराने भागला की त्यांचा मिळतो. उपाशीपोटी १२६ ही मधुमेहाच्या निदानाची सीमा तिथे ७.० असते आणि २०० म्हणजे ११.१. तीन महिन्यांची सरासरी दाखवणाऱ्या एचबीएवनसी चाचणीचेही तसेच आहे, आपल्याकडचे ६.५ टक्के तिथे ४८ लिहिले जातात, ७ टक्के म्हणजे ५३. इथे अठराचा हिशेब चालत नाही, म्हणून हे दोन आकडे कागदावर लिहूनच न्यावेत. कोणत्याही देशात आकडा सांगताना एकक आणि वेळ दोन्ही सांगावी: 'माय फास्टिंग ब्लड शुगर वॉज १३० मिलिग्रॅम्स पर डेसिलिटर'. आपण ज्याला नुसते 'पीपी' म्हणतो ते बाहेर सर्वांना कळेलच असे नाही. 'टू आवर्स आफ्टर अ मील' म्हणावे.

'शुगर वाढली' याचे इंग्रजी 'माय ब्लड शुगर इज हाय' आणि 'शुगर लो झाली' याचे 'माय ब्लड शुगर इज लो'. 'माय डायबेटीस इज लो' असे म्हणू नये, त्यातून काहीच बोध होत नाही. वैद्यकीय भाषेतले 'हायपरग्लायसीमिया' (साखर वाढणे) आणि 'हायपोग्लायसीमिया' (साखर उतरणे) हे शब्द ऐकायला जवळजवळ सारखे आहेत आणि त्यांचे उपचार अगदी उलटे आहेत. म्हणून फोनवर किंवा गोंगाटात ते वापरूच नयेत. साधे 'हाय' आणि 'लो' पुरेसे असतात. ब्रिटनमध्ये साखर उतरण्याच्या प्रसंगाला 'हायपो' म्हणतात आणि चारच्या खाली जाऊ देऊ नका असे बजावतात. हा चार म्हणजे आपल्याकडचा ७० ते ७२.

अर्जातली चौकट

आरोग्य विम्याच्या अर्जात 'डू यू हॅव, ऑर हॅव यू एव्हर हॅड, डायबेटीस' अशा अर्थाचा प्रश्न असतो. 'गोळीने कंट्रोलमध्ये आहे, मग आहे असे कशाला लिहायचे' असा विचार करून पुष्कळ लोक 'नो' या चौकटीत खूण करतात आणि पुढे दावा नाकारला गेल्यावर सगळे घर हवालदिल होते. प्रश्नात 'एव्हर' आहे, म्हणजे 'कधीही'. गोळीने आटोक्यात असलेला मधुमेह हाही मधुमेहच आहे. त्याला 'वेल-मॅनेज्ड डायबेटीस' म्हणता येते, पण खूण 'यस'वरच हवी. भारतात २०२४च्या नियमांनुसार आधीपासून असलेल्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येतो. तो काळ काढणे हे माहिती लपवण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे.

वजन उतरवून, आहार बदलून ज्यांची औषधे सुटली आहेत, त्यांच्यासाठीही नेमका शब्द आहे. 'क्युअर्ड' म्हणजे कायमचा बरा झालेला असे लिहू नये. जाहिरातींत दिसणारा 'रिव्हर्सल' हा शब्दही कागदोपत्री टाळावा. २०२१ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने 'रिमिशन' हा शब्द निश्चित केला: साखर उतरवणारी औषधे बंद करून किमान तीन महिने झाल्यावर एचबीएवनसी ६.५ टक्क्यांच्या खाली असेल तर 'टाइप टू डायबेटीस इन रिमिशन' असे म्हणावे. तपासण्या पुढेही चालूच ठेवायच्या असतात, हे त्या शब्दातच गृहीत आहे.

खिशातला कागद

घरातल्या ज्या व्यक्तीला मधुमेह आहे तिच्यासाठी एक लहान कार्ड आजच तयार करावे. त्यावर इंग्रजी अक्षरांत, ठळक आणि सुटी अक्षरे काढून, चार ओळी लिहाव्यात. पहिली ओळ 'आय हॅव टाइप टू डायबेटीस', प्रकार वेगळा असेल तर तो लिहावा. दुसऱ्या ओळीत 'आय टेक' लिहून पुढे औषधांची नावे आणि मात्रा, त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून जशाच्या तशा उतरवून घ्याव्यात. तिसरी ओळ 'इफ आय सीम कन्फ्यूज्ड बट कॅन स्वॉलो, प्लीज गिव्ह मी समथिंग स्वीट', म्हणजे मी गोंधळल्यासारखी वाटले पण गिळू शकत असेन तर मला काहीतरी गोड द्या. चौथ्या ओळीत 'इफ आय ॲम अनकॉन्शस, गिव्ह नथिंग बाय माउथ, कॉल ॲन अँब्युलन्स', कारण बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घातले तर ते श्वासनलिकेत जाऊ शकते. खाली घरच्या माणसाचा क्रमांक लिहावा. इन्सुलिन घेणाऱ्याने विमानप्रवासात ते हातातल्या पिशवीत ठेवावे, सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकते, आणि डॉक्टरांचे इंग्रजी पत्र या कार्डासोबत जोडावे. मावशीचे कार्ड तिच्या चष्म्याच्या डबीत असते; चष्म्याशिवाय ती घराबाहेर पडत नाही, म्हणून तीच जागा आम्ही ठरवली.